तुळजाप्पा हेडी आणि बैलाचे मागचे पाय

गेल्या महिन्यात नातवाने मला फोनवर काहीतरी दाखवलं. काळा चष्मा लावलेला, दाढी कोरलेला एक पोरगा मोटरसायकलवर उलटा बसून बोटं नाचवत होता आणि मागे ढोल बडवले जात होते. नातू म्हणाला, "आबा, तुळजाप्पा हेडी हाय ह्यो. नवा. लाखो लोकांनी बघितलाय." मी म्हणालो, "उकिरड्यावरून बी रोज हजार माणसं जातात. म्हणून त्याला कुणी देऊळ म्हणत न्हाई." नातू रुसला. रुसू दे. जुने ट्रॅक्टर घेण्याविकण्यात माझा अर्धा जन्म गेला आहे; रंग मारलेलं भंगार मला दहा हातांवरून ओळखू येतं.

तुळजाप्पा कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मूळ सोंग पाहिलेली माणसं आता फार उरली नाहीत. जळकोटच्या अलीकडे आमचं गाव. महादेवाच्या जत्रेत दोन दिवस बैलबाजार भरायचा आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, खुंट्या अजून जमिनीत असतानाच, त्याच मैदानात हे सोंग व्हायचं. गोष्ट एवढीशी. पाऊस न पडलेल्या साली तुळजाप्पा नावाचा हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, एका एकट्या म्हातारीच्या दारात येतो. तिच्याकडे एकच देवणी बैल उरला आहे. सौदा मीच करणार, असा ती हट्ट धरते. आता आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातांवर रुमाल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. त्या रुमालाखाली बाईने हात घालायचा, ही तेव्हा अघटित गोष्ट. म्हातारी घालते. बराच वेळ दोघं तशीच उभी राहतात. मग तुळजाप्पा दावं सोडतो, बैल घेऊन निघून जातो आणि सोंग संपतं. किती दिले ते कुणी सांगत नाही. त्याने लुबाडलं की जास्तीचे दिले, यावर गाव पुढच्या जत्रेपर्यंत भांडायचं.

इतकी साधी वस्तू. पण ज्याच्या हातात गेली त्याने तिला काहीतरी चिकटवलंच. मुखेडकडची एक मंडळी यायची, त्यांचा तुळजाप्पा पोटाला उशी बांधायचा. म्हातारीचा हात धरला की डोळे गरगर फिरवायचा आणि 'मऊ हाय गं' म्हणायचा. लोक हसायचे. लोकांचं काय, गाढव लोळलं तरी हसतात. एका फडातल्या नटाने त्याला झुपकेदार मिशा लावल्या, डोळे लाल केले आणि हातात चाबूक दिला. हेड्याच्या हातात चाबूक! चाबूक घेऊन बाजारात आलेल्या माणसाला कुणी शेपूटसुद्धा दाखवणार नाही. हेडी गोड बोलतो, तब्येत विचारतो, पोरीच्या लग्नाची चौकशी करतो. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी गॅदरिंगमध्ये तुळजाप्पाला दारुडा केला आणि शेवटी पोलिसांकडून पकडवला, म्हणजे मुलांवर संस्कार होतात. दारू पिऊन बाजारात उतरणारा हेडी दुपारपर्यंत स्वतःच विकला जाईल, हे त्या माणसाला कुणी सांगायचं? आयुष्यात त्याने भाजीसुद्धा घासाघीस करून घेतली नव्हती.

खरा तुळजाप्पा एकच, रहीमचाचांचा. चाचा पिंजारी. आमचं घर म्हणजे त्यांच्या पिंजणखान्याला पाठ लावून बांधलेल्या दोन खोल्या, मधे एकच भिंत आणि तीही छातीइतकी. वडील हैदराबादला गेले ते तिकडचेच झाले. त्यांच्याबद्दल इथे एवढंच पुरे. घरात माय आणि मी. पहाटेपासून पलीकडे कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजायची, तुंग तुंग तुंग, आणि तिच्या ठेक्यावर माय भाकरी थापायची. कापसाचा धुरळा भिंतीवरून यायचा आणि सगळ्यावर बसायचा. "आज वरणात कापूस हाय, उंद्या कापसात वरण करते," माय मोठ्याने म्हणायची, पलीकडे ऐकू जावं म्हणून. चाचा तात न थांबवता उत्तर द्यायचे, "भाभी, हलकं जेवण हाय. पोट न्हाई दुखणार." त्यांच्याकडची अंबाडीची चटणी आमच्याकडे यायची, आमच्याकडचं शेंगदाण्याचं कूट तिकडे जायचं. मोठ्या दुष्काळात मात्र दोन्हीकडून जायला यायला काही उरलं नाही. दोन्ही चुलींवर तीच रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, घशाखाली उतरताना खरवडत जाणारी, आणि बरोबर बांधावरच्या तरोट्याचा पाला. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि मला म्हणायची, "खा. तोंड वाकडं केलंस तर तेबी न्हाई भेटायचं."

त्या साली जत्रेचा बाजार भरला तेव्हा माणसं बैल विकायला नव्हे, सोडून द्यायला आल्यासारखी आली होती. ज्यांच्या पाठीवर हात फिरवायला लोक उदगीरहून यायचे, असे देवणी बैल बरगड्या मोजून घ्याव्यात असे उभे होते. तिसऱ्या दिवशी सोंग करू नये असं काही जणांचं म्हणणं पडलं. चाचा म्हणाले, "मंग कधी करायचं? पाऊस चांगला झाल्यावर?" आणि केलं. डोक्याला साधा पटका, खांद्यावर रुमाल, बस्स. त्यांचा चेहरा पिंजलेल्या कापसासारखा, त्यावर काही उमटायचंच नाही. म्हातारीने रुमालाखाली हात घातला आणि मैदान चिडीचूप झालं. दोन दिवसांत त्याच जागेवर त्याच रुमालाखाली आपला बैल घालवून बसलेली माणसं समोर मांडी घालून बसली होती. चाचा हलले नाहीत, डोळ्याचं पातंही लवलं नाही. एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी माय उठली आणि ओरडली, "आरं मुडद्या, आनखी एक बोट दाब की!" कुणी हसलं नाही. चाचांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रुमाल मात्र किंचित हलला. सगळ्या मैदानाने रोखून धरलेला श्वास एकदम सोडला. घरी आल्यावर मायने खूप वेळ कळ काढली आणि मग भिंतीवरून विचारलंच, "भाईजान, खरंच दाबलं का हो बोट?" पलीकडून आवाज आला, "कौनसा बोट, भाभी?" आणि तात वाजू लागली.

मला तुळजाप्पा व्हायचं होतं. दुसरं काही नाही. पुढची काही वर्षं मी एकाच वेळी खरा हेडी आणि खोटा हेडी शिकत होतो. सोमवारी एक बाजार, गुरुवारी दुसरा. दात पाहून वय सांगायचं, चाल पाहून खोड हुडकायची, जनावर मनात भरलं की तोंडाने त्याच्या खोडीच काढायच्या, रुमालाखाली समोरच्याच्या बोटांचा घाम ओळखायचा. संध्याकाळी चाचांसमोर उभं राहायचं आणि काही न करण्याचा सराव करायचा. सगळ्यात अवघड तेच. मी भुवई उचलली की ते म्हणायचे, "नक्को. भुवई विकून टाकलास तर भाव कशाला करून राहिलास?" माझ्याबरोबर मारुती नावाचा एक पोरगा असायचा, माझ्याच वयाचा, बोलायला जड, चालायला जड. सोंगातला बैल म्हणजे वाकळीखाली वाकलेली दोन माणसं, बांबूचं डोकं आणि काथ्याचं शेपूट. मारुती वर्षानुवर्षं त्यातले पुढचे पाय होता. त्याला त्याहून अधिक काही जमेल असं मला कधी वाटलं नाही. मी तसं त्याला तोंडावर सांगतही असे.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून माणसं खूश झाली ते ठीक. पण ज्याच्या घराचं पत्र्याचं छप्पर गळत होतं तोही 'आता आपण जिल्हेवाले' म्हणून शर्टाला इस्त्री करू लागला. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. पाटी ओली आणि आतला साहेब कोरडा. नव्या जिल्ह्याची 'संस्कृती' दाखवायचा मोठा कार्यक्रम लातूरला ठरला आणि तिच्या शोधात एक प्राध्यापक जीपमधून आमच्या गावात आले. नाव लिहीत नाही. नातवंडं भांडायला येतील. गळ्यात झोळी, पायात कोल्हापुरी, बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी पडावी. चाचांना तेव्हा मोतीबिंदू झाला होता, पायांनी साथ सोडली होती. ते म्हणाले, "मेरा हो गया सर. आता मल्लू करल." मल्लू म्हणजे मी.

सर दोन दिवस आमच्याकडे राहिले. मायने त्यांना ज्वारीच्या भाकरी, वांगं, ठेचा, घरात असलेलं सगळं घातलं. त्यांनी बोटं चाटली आणि वहीत लिहून घेतलं. मी त्यांना सगळं दिलं. पटका कसा बांधायचा, दारात उभं राहताना वजन कोणत्या पायावर ठेवायचं, कोणतं बोट म्हणजे काय, नकार देताना बोट सोडायचं नाही, नुसतं सैल करायचं. "सर, काम मला भेटेल ना?" मी विचारलं. "अहो मल्लिकार्जुन, तुमच्याशिवाय तुळजाप्पा कोण करणार?" ते म्हणाले. आणि मी विश्वास ठेवला! बाजारातलं शेंबडं पोरही जाणतं की विसाराचे आगाऊ पैसे हातावर पडल्याशिवाय दावं सोडायचं नाही. शंभर माणसांना मी हे शिकवलं आहे. मी विसार न घेता जनावर सोडलं, कारण समोरचा मला अहो म्हणाला.

लातूरला तालमीला गेलो तर तुळजाप्पा स्वतः सर. मला बैलाचे मागचे पाय. "भूमिका लहान नसते, नट लहान असतो," असं त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. मग तुम्हीच व्हा की मागचे पाय, असं मी म्हणालो, तेव्हा बाकीच्यांनी मला बाहेर नेऊन चहा पाजला. मी निघून यायला हवं होतं. राहिलो, कारण गावातून दोन गाड्या भरून माणसं येणार होती, चाचाही येणार होते, आणि मनातून मला वाटत होतं की सर ऐन वेळी आजारी पडतील. मी त्यासाठी महादेवाला नारळही बोललो होतो.

तालमीत मी त्यांचा तुळजाप्पा रोज पाहिला. आधी त्यांनी रुमाल काढला. "प्रेक्षकांना दिसलं पाहिजे." मग म्हातारीचा हात उघड्यावर धरून बोटं वर केली, एक, दोन, तीन, जशी पहिलीतल्या पोरांना शिकवतात. मग तुळजाप्पाला भाषण दिलं, त्यात आभाळ होतं, भेगाळलेली भुई होती, माणुसकी तर चार वेळा होती. आणि शेवटी? शेवटी तुळजाप्पा रडतो, म्हातारीच्या पाया पडतो आणि बैल परत देतो. रडू येईना तेव्हा ते डोळ्यांखाली बाम लावायचे. मी म्हणालो, "सर, बैल परत दिला तर त्यो हेडी कशाचा?" ते म्हणाले, "हाच तर आपला तुळजाप्पा, मल्लिकार्जुन. आतला माणूस." आतला माणूस! पोटाला उशी बांधणारा परवडला. तो निदान बाहेरून काहीतरी बांधत होता.

कार्यक्रम भर दुपारी, मोठ्या मांडवात. पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, मागे सतरंजीवर आमची माणसं. वाकळीखाली मारुतीच्या कमरेला धरून मी वाकलो होतो. घाम, काथ्याचा वास, आणि दिसायला फक्त मारुतीच्या टाचा. वर सरांचं भाषण चालू होतं. पुढच्या खुर्च्या टाळ्या वाजवत होत्या. मागून आवाज नव्हता, फक्त कुणीतरी म्हणालं, "रुमाल इसरला वाटतं." मग सर म्हणाले, "घे आई, हा बैल तुझा आहे," आणि दावं म्हातारीच्या बाजूला फेकलं. मारुती निघाला. मी पाय रोवले.

"मल्ल्या, चल की."

"न्हाई."

"आरं लोक बघून राहिलेत."

"बघू दे. बैल इकलाय. इकलेला बैल माघारी जात न्हाई."

"तू बैल हाइस, मल्ल्या. तुला कोन इचारलंय?"

त्याने ओढलं, मी मागे रेटलं. वाकळ मधोमध टराटर उसवली. बैलाचं पुढचं अर्धं अंग म्हातारीपाशी जाऊन उभं राहिलं, आणि मागचं अर्धं, शेपटासकट, तुळजाप्पाच्या वाटेने विंगेत निघून गेलं. सतरंजीवरून अशी आरोळी उठली की मांडवाचे वासे हलले. "हेड्या, अर्ध्याच भावात घेतलास की!" एक जण ओरडला. "नांगर न्हाई तर न्हाई, शेन तरी तुझंच!" दुसरा. साहेब लोक रुमाल तोंडावर धरून हसत होते. सरांच्या डोळ्यांतून बामामुळे पाणी वाहत होतं, आणि ते थांबवायला काहीच उपाय नव्हता. आयुष्यातल्या उत्तम क्षणांत मी तो धरतो. आजही धरतो.

पण ही जात कशी असते पाहा. आठ दिवसांनी एका वर्तमानपत्रात आलं की बैलाचे दोन तुकडे होणं हे जुन्या जिल्ह्याच्या विभागणीचं आणि दुष्काळाने दुभंगलेल्या शेतकऱ्याचं विलक्षण प्रतीक होतं. सरांनी नाकारलं नाही. पुढच्या प्रत्येक प्रयोगात त्यांनी बैल फाडला. वाकळीला मधे बटणं लावून घेतली म्हणे. पुण्यालाही नेला. माझा राग त्यांनी बटणं लावून वापरला आणि त्याबद्दल शाल घेतली.

गावात मी तीन-चार दिवस पुढारी होतो. पाचव्या दिवशी चाचांनी भिंतीपलीकडून हाक मारली. तात बंद होती. मला वाटलं, शाबासकी.

"मजा आला?" त्यांनी विचारलं.

"लई. तुम्ही हसलात का न्हाई?"

"हसलो. सगळे हसले, मीबी हसलो. त्या सरनी तुळजाप्पाची माती केली. हौ. त्यो तुळजाप्पा त्येचा, त्येचं त्येला. पन तू बैल होतास, बेटा. बैलाचं काम तुला दिलतं. तू बैल केलास का?"

"चाचा, त्यांनी मला फसवलं!"

"फसवलं. मंग बैल का मरावा?"

मी भिंतीवर मूठ आपटली आणि म्हणालो की तुम्हाला खरं-खोटं कळत नाही, डोळ्यांबरोबर अक्कलही गेली. बोललो. माय चुलीपाशी होती, ती उठली आणि तिने हातातलं उलथणं माझ्या पाठीत घातलं. पंचवीस वर्षांच्या माणसाला. चाचांनी एवढंच म्हटलं, "राहू द्या भाभी."

पुढच्या जत्रेत त्यांनी तुळजाप्पाचा रुमाल मारुतीच्या खांद्यावर टाकला. साऱ्या गावासमोर. मी ठरवलं होतं, बघायचं नाही. बाजार उठल्यावरही एका लाल कंधारी बैलाच्या सौद्यात स्वतःला गुंतवून ठेवलं, पण तो गडी भावाला लवकर आला आणि मला काही निमित्त उरलं नाही. घोळक्याच्या मागे उभा राहिलो. मारुती जड पावलांनी आला. त्याला भुवया उचलता येतच नव्हत्या, त्यामुळे काही न करणं त्याला शिकावं लागलं नव्हतं. मला चाचांचं सगळं येत होतं, त्याला त्यातलं काही येत नव्हतं. रुमालाखाली हात गेला आणि तो फक्त दमल्यासारखा दिसला; दिवसभरात वीस बैल घेतलेला, आता हाही घ्यावा लागणारा माणूस. चाचांचा तुळजाप्पा असा दमलेला कधीच नव्हता. कुणीच असा केला नव्हता. माझ्या पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने पटक्याने डोळे पुसले, आणि त्याने बाम लावलेला नव्हता.

संपल्यावर मारुती थेट माझ्याकडे आला, रुमालाने मान पुसत. "कसं झालं, मल्ल्या?"

मी म्हणालो, "उजवा पाय ओढतोस. मान खाली पडते. आन् दावं सोडताना घाई करतोस."

मारुती हसायला लागला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आरं ऐका रं," तो म्हणाला, "हेडी खोडी काढून राहिलाय! जनावर पसंत पडलंय त्याला!"

मी तिथून निघून आलो. खरं म्हणजे पाय तो ओढतच होता.